फोटो एडिटिंग कुठनं सुरू करू? तुमचे तीन फोटो समोर ठेवून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड डीएसएलआर घेतला, यूट्यूबवर चाळीसेक व्हिडिओ बघून झाले, फोटोशॉपमध्ये कुठलं बटण कुठं ते पाठ झालं, तरी फोटो एकतर होता तसाच राहतो नाहीतर भडक होतो, आणि लॅबमधून प्रिंट आणली की काळपट निघते. मग क्लास लावू का, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, फुकटात होईल का, किती दिवस लागतील. सोबत तीन फोटो दिलेत, कोकणकडा, बहिणीची हळद आणि आजोबांचा डाग पडलेला जुना फोटो. हे तीन दिलेत ते फार बरं केलंत, नाहीतर "प्रॅक्टिस करत राहा" सोडून मला लिहायला काही नव्हतं.

काळपट प्रिंटचं आधी संपवून टाकू, कारण ते एडिटिंगचं दुखणं नाहीच. तुम्ही रात्री जेवणं झाल्यावर, खोलीतला लाइट बंद करून, लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल ठेवून बसत असणार. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही. स्क्रीन झगझगीत असली की मुळात अंधारा असलेला फोटोही उजळ वाटतो, म्हणून तुम्ही तो उजळवत नाही, आणि कागदावर तो आहे तसा अंधारा उतरतो. खोलीत नेहमीचा लाइट लावा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खरा कोरा कागद धरा आणि दोन्ही साधारण सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल, मग सवय होते. नाइट लाइट नावाचं जे पिवळं फिल्टर संध्याकाळी आपोआप चालू होतं ते एडिटिंगच्या वेळी बंदच पाहिजे, त्याच्यापायी एका पोरानं माझ्याकडं अख्खा बारशाचा अल्बम निळा करून आणला होता. फाईल सेव्ह करताना रंग मांडायच्या दोन पद्धती विचारतात, त्यातल्या एसआरजीबीमध्ये एक्सपोर्ट करा, अडोबी आरजीबीमध्ये दिलीत तर साध्या लॅबकडून रंग मेलेले येतात. आणि लॅबवाल्याला सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवून छाप. नाहीतर तुम्ही मुद्दाम अंधारी ठेवलेली संध्याकाळ त्याचं मशीन दुपार करून टाकतं आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष देत बसता.

आता मुख्य गोष्ट. मी १९९३ साली तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत कामाला लागलो. रंगीत रोल शहरातल्या लॅबला जायचे, ब्लॅक अँड व्हाइटच्या प्रिंट आम्ही मागच्या खोलीत लाल दिव्यात धुवायचो. मालक मोठी प्रिंट करायच्या आधी एक छोटी टेस्ट काढायचे आणि वाळली की तिच्यावर मऊ पेन्सिलनं लिहायचे, कपाळावर गोल करून 'जास्त', डोळ्यांपाशी 'कमी', कोपऱ्यात 'अजून जास्त'. म्हणजे कागदावर कुठं उजेड जास्त वेळ देऊन गडद करायचं आणि कुठं अडवून उजळ ठेवायचं. मग मोठ्या प्रिंटच्या वेळी एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती हलवत राहायचे, नाहीतर दोन्ही पंजांची ओंजळ करून मधल्या भोकातनं उजेड सोडायचे. फोटोशॉपमधल्या डॉज (उजळ करणं) आणि बर्न (गडद करणं) या बटणांवरची चित्रं नीट बघा, तीच चकती आणि तोच पंजा आहे. हे सगळं आधी पेन्सिलनं लिहून करायचं कारण एकच, कागद महाग होता. एक वाया गेला तर मालकांचं तोंड दिवसभर वाकडं. आता अनडू फुकट आहे, त्यामुळे कुणी आधी ठरवतच नाही, स्लायडर इकडून तिकडं ओढत बसायचं आणि काहीतरी छान दिसलं की थांबायचं. तुमचं नेमकं हेच होतंय. टूल सगळी येतात, पण फोटोला काय कमी आहे ते ठरवल्याशिवायच तुम्ही टूल उचलताय.

म्हणून उपाय जुनाच. फोटो उघडा, माउसवरनं हात काढा, कागदावर एक ओळ लिहा, साध्या मराठीत. 'चेहरा मागच्या भिंतीपेक्षा अंधारा आहे.' 'साडीचा लाल सपाट झालाय, जरीचं काम दिसत नाही.' 'डाव्या कोपऱ्यातली पांढरी बादली डोळ्यात खुपते.' कॉन्ट्रास्ट, व्हायब्रन्स, क्लॅरिटी असले शब्द त्या ओळीत चालणार नाहीत, कारण ते औषधाचं नाव झालं. ओळ लिहिता येत नसेल तर त्या फोटोला त्या दिवशी हात लावू नका. आणि ओळीतलं काम झालं की फाईल बंद करायची. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे बरं का.

कोकणकड्याचा फोटो घ्या. तुम्ही तो सकाळी काढलाय हे न विचारता कळतं, कारण कड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी कडा सावलीत आणि खाली कोकणात धुरकट उजेड पसरलेला. तुम्ही मनातल्या मनात 'फोटो फिका' म्हटलंत आणि डिहेझ, म्हणजे धुरकटपणा काढायचा स्लायडर, साठपर्यंत नेलात. त्यानं झालं काय, की आकाश मळकट झालं, डोंगरांच्या कडांना पांढरी किनार आली आणि मागच्या चारही रांगा पुढच्या कड्याइतक्याच गडद होऊन एकावर एक चिकटवल्यासारख्या दिसायला लागल्या. दूरचा डोंगर दूर वाटतो तोच मुळी मधल्या हवेमुळे निळसर आणि फिका दिसतो म्हणून, ती हवाच तुम्ही पुसलीत तर खोली जाणारच. ओळ अशी पाहिजे होती, 'कडा अंधारा आहे, कातळाचा पोत दिसत नाही, मागचे डोंगर आहेत तसे राहू देत.' आता काम किती सोपं झालं बघा. फक्त कड्यावर मास्क काढा, म्हणजे बदल तेवढ्याच भागात होईल, शॅडो वर घ्या, वर घेतल्यावर काळा भाग राखाडी होतो म्हणून ब्लॅक जरासा खाली, सावलीतला उजेड निळसर असतो म्हणून तेवढ्याच भागात किंचित ऊब. बस. हे रॉ फाईलवर, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या मूळ कच्च्या फाईलवर करा, जेपेगवर नको. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातल्या थोड्याशा पायऱ्या ताणून मोठ्या केल्या की जेपेगमध्ये त्या चकत्या-चकत्यांनी फुटतात आणि कातळाऐवजी वारूळ दिसतं. (तसं संध्याकाळी पाचला तिथंच थांबला असतात तर उतरतीचं ऊन थेट कड्यावर येतं आणि यातलं निम्मं काम करावंच लागलं नसतं, पण परतीची बस असते, मला माहीत आहे.)

हळदीचा फोटो तिघांत सगळ्यात अवघड, आणि शिकायला सगळ्यात चांगला. पिवळ्या-केशरी कापडाचा मांडव, वरनं कडक ऊन, म्हणजे वरून येणारा सगळा उजेड कापडातनं गाळून पिवळा झालेला. त्यात बहिणीच्या तोंडाला हळद, अंगावर पिवळी साडी. आणि मांडवाच्या उघड्या बाजूनं आत येणारा उजेड मात्र आकाशाचा, निळसर. एका गालावर एक रंग, दुसऱ्यावर दुसरा. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग सावरतो त्याला, अख्ख्या फोटोसाठी एकच आकडा धरायचा असतो, त्यानं मधलंच काहीतरी धरलं. तुम्ही टेंपरेचर निळ्याकडं ओढलंत, पिवळेपणा गेला, त्याबरोबर हळदही गेली आणि नवरी आजारी दिसायला लागली.

पहिलं काम, फोटोत खरोखर पांढरं काय आहे ते शोधायचं. मागं एका काकांची गांधी टोपी आहे, आयड्रॉपर (ज्यानं 'हे पांढरं धर' असं सॉफ्टवेअरला दाखवायचं ते टूल) तिच्यावर मारावा असं कुणालाही वाटेल, पूर्वी मीही तिथंच मारला असता. पण टोपीला नीळ घातलेली असते, शिवाय हल्लीच्या पावडरींमध्ये कपडा चकाकवणारं जे काही असतं ते उन्हात निळसर दिसतं, म्हणजे टोपी पांढरी नसतेच, निळीकडं झुकलेली असते. त्यात काका उभे आहेत मांडवाच्या उघड्या बाजूला, नवरी बसलीय कापडाखाली, दोघांवरचा उजेडच वेगळा. त्या टोपीवर भरवसा ठेवलात तर चेहरे पिवळेच राहणार. त्यापेक्षा पाटाभोवतीची पांढरी रांगोळी बघा, ती नवरीच्याच उजेडात आहे आणि तिला नीळ नाही. फक्त रांगोळी जळून कोरी पांढरी झालेली नको, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे कमाल २५५ ला टेकलेले असले तर तिथनं काही कळत नाही, जरा सावलीतला भाग निवडा. आयड्रॉपर मारल्यावर सगळं एकदम दवाखान्यासारखं पांढरं होईल. घाबरू नका, आता तिथनं साधारण निम्म्यापर्यंत परत पिवळ्याकडं या. मांडवातला उजेड पिवळाच होता हो, तिथं बसलेल्या प्रत्येकाला तो तसाच आठवतो, पूर्ण काढून टाकला तर मांडवातनं उचलून नवरीला बँकेत बसवल्यासारखं दिसतं.

मग निळा गाल. त्याच्यावर छोटा मास्क, कडा खूप मऊ, आणि तेवढ्यापुरतं टेंपरेचर उबेकडं. दोन्ही गाल अगदी सारखे करायचे नाहीत, फरक कळू नये इतपतच.

मग आकडे बघायला शिका, कारण अर्धा तास पिवळ्याकडं बघितलं की डोळा त्याला सरावतो आणि खोटं सांगायला लागतो. जिथं हळद लागलेली नाही अशा जागी, कानाजवळ नाहीतर गळ्यावर, कर्सर न्या आणि तिथले लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे बघा. माणसाच्या कातडीत, गोरी असो की काळी, साध्या उजेडात लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा, हा क्रम असतो. हिरवा लालच्या फार जवळ सरकला की चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. तुमच्या फोटोत तेच झालंय, टिंटचा स्लायडर जरासा मॅजेंटाकडं (गुलाबी-जांभळ्याकडं) नेला की उतरेल. आणि हळद लागलेल्या जागी पिवळा सपाट रंगाच्या डब्यासारखा दिसतोय, कारण तिथं लाल चॅनेल, म्हणजे लालचा आकडा, वर टेकलाय आणि निळा तळाला गेलाय, दोन्हीकडं बारकावे दबून गेलेत. अशा वेळी सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवू नका, उलट फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं कमी करा आणि त्याचा उजळपणा जरा खाली घ्या, बोटांनी लावलेल्या हळदीचे ओरखडे परत दिसायला लागतील. लाल शालूचंही असंच होतं, एक्सपोजर ठीक दिसतं पण लाल चॅनेल एकटाच जळालेला असतो आणि विणकाम गायब. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती त्याचा आलेख, बघताना नुसता पांढरा बघू नका, तिन्ही रंगांचे वेगवेगळे बघा.

कातडीचा विषय निघालाच आहे तर. चेहरा गुळगुळीत करायची जी ट्युटोरियलं आहेत त्यांच्या नादी सहा महिने तरी लागू नका. २००२ ला फोटोशॉप ७ मध्ये हीलिंग ब्रश (आजूबाजूच्या कातडीशी जुळवून डाग बुजवणारं टूल) आला तेव्हा आम्हाला नवं खेळणंच मिळालं, त्याआधी क्लोन स्टँपनं, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून, एकेक ठिपका बसवायचो. पुढच्याच वर्षीची गोष्ट, एका घरातनं आजीचा फोटो मोठा करायला आला, आजी नुकत्याच गेलेल्या. मी डाग काढत काढत हनुवटीवरचे तीन ठिपकेही उडवले. फ्रेम घ्यायला मुलगा आला, बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "आईचं गोंदण कुठं गेलं?" मला खाली बघण्याशिवाय काही सुचेना. नशीब मूळ फाईल होती. तेव्हापासनं एकच नियम, महिन्याभरात आपोआप जाणारं असेल ते काढायचं, पिंपल, डास चावलेलं, गालावर चिकटलेला तांदूळ. तीळ, व्रण, गोंदण विचारल्याशिवाय नाही. आणि "जरा गोरी करा" ही फर्माईश तुम्हालाही येईल, धंदा करा न करा, घरातलीच माणसं म्हणतात. मी चेहऱ्यावर उजेड वाढवतो, रंग बदलत नाही, आणि दहातल्या नऊ वेळा त्यांना तेच हवं असतं, फक्त शब्द चुकीचा असतो. दहाव्याला सांगतो की दुसरीकडनं करून घ्या.

आजोबांच्या फोटोबद्दल, आधी स्कॅन परत करा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ट्यूबलाइटचा पट्टा आलाय, तो काढत बसण्यात अर्थ नाही. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय, आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीत करायचा. याच्यात एक फार जुनी युक्ती आहे. पिवळे-तपकिरी डाग निळा उजेड शोषतात, त्यामुळे स्कॅनचा निळा चॅनेल एकटा बघितलात तर डाग काळेकुट्ट दिसतील, आणि लाल चॅनेल बघितलात तर बरेचसे डाग नाहीसेच झालेले असतील. मग सरळ लाल चॅनेल घेऊन त्याचाच ब्लॅक अँड व्हाइट करायचा. माझा एक शिकाऊ पोरगा असल्या फोटोवर दोन दिवस क्लोन मारत बसला होता, त्याला हे दाखवलं तर तो माझ्यावरच चिडला, आधी का नाही सांगितलं म्हणून. राहिलेल्या घड्या आणि ओरखडे हीलिंगनं, नवीन लेयरवर, चेहऱ्यापासनं लांबच्या जागेपासून सुरू करून. चेहऱ्याला एआयवालं अॅप लावू नका. ते अस्पष्ट डोळे स्पष्ट करत नाही, नवे बसवतं, कुणाचे ते त्यालाच ठाऊक. आभाळाचा तुकडा, भिंतीचा कोपरा भरायला ते खुशाल वापरा, मीही वापरतो, मास्क काढायचा माझा किती वेळ वाचतो त्यानं. पण आजोबांचे डोळे धूसर असतील तर धूसर राहू देत.

सॉफ्टवेअरचं पटकन सांगतो. २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतात, दर महिन्याला पैसे देणं जमत असेल तर लाइटरूम आणि फोटोशॉप एकत्र घ्या आणि पहिले तीन महिने फोटोशॉप उघडूच नका, तुमच्या पहिल्या दोन फोटोंचं सगळं काम लाइटरूममध्ये होतं. पैसे नसतील तर रॉ साठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी, बाकीला गिम्प, तिन्ही फुकट. डार्कटेबल सुरुवातीला अंगावर येतं, इतके मॉड्यूल बघून माणूस घाबरतो, त्यातले एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, टोन आणि मास्क एवढेच धरा. गिम्पला पूर्वी मी नाक मुरडायचो कारण एकदा केलेलं फिल्टर परत बदलता यायचं नाही, पण मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये ती सोय झालीय. मोबाइलवर स्नॅपसीड पुरे. क्रॅक कॉपी घेऊ नका. हे साधूपणानं सांगत नाही, आमच्या लाइनीतल्या निम्म्या लोकांची सुरुवात क्रॅकवरच झालीय, माझीही. तसल्याच एका कॉपीबरोबर व्हायरस आला आणि दोन लग्नांचे फोटो गेले, एका घरचे आजही समोरून आले तर बोलत नाहीत.

क्लासचं म्हणाल तर फी भरायच्या आधी एवढंच विचारा की फोटो कुणाचे वापरणार, त्यांचे की माझे. त्यांचे असतील तर नको. सरावाच्या फाईली मुद्दाम अशा निवडलेल्या असतात की ते टूल त्यांच्यावर चमकावं, आपल्या मांडवातलं ऊन त्यात नसतं. त्याऐवजी हे करा, हळदीचीच रॉ फाईल रोज अर्धा तास, सात दिवस, रोज मूळ फाईलपासून नव्यानं, कालचं न बघता. आधी ओळ लिहायची, मग काम, मग एक्सपोर्ट, तारीख घालून. आठव्या दिवशी सातही शेजारी शेजारी लावा. पहिले तीन भडक झालेले असतील, चौथ्या-पाचव्याला तुम्ही घाबरून काहीच केलेलं नसेल, आणि शेवटच्या दोनमध्ये काय बरं झालंय ते तुम्हालाच सांगता येईल. त्या दोघांच्या चार बाय सहाच्या प्रिंट काढा आणि दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नको. किती दिवस लागतील याचं उत्तर देत नाही, पण कर्व्ह, म्हणजे रेघ वाकवून उजेड-अंधार बदलायचं टूल, न घाबरता वापरायला मला वर्ष लागलं होतं आणि तेव्हा दाखवायला यूट्यूब नव्हतं.

आणखी दोन गोष्टी, विसरायच्या आत. हळदीच्या दिवसाचं कार्ड अजून तसंच असेल तर फॉरमॅट मारू नका, आधी रॉ फाईली दोन वेगवेगळ्या जागी कॉपी करा, जेपेग पाठवलेत म्हणजे रॉ पण असतीलच असं मी धरून चाललोय. आणि आजोबांचा फोटो फ्रेममध्ये काचेला चिकटलेला असेल, जुने फोटो दमट हवेनं चिकटतात, तर तो ओढून काढायला जाऊ नका, काचेवर फोटोचा थर राहील आणि हातात नुसता कागद येईल. काचेसकटच स्कॅनरवर ठेवा, मागचा पुठ्ठा तेवढा काढा.